सेंट लुईसच्या आधी: अमेरिकेच्या महिला फिगर स्केटर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेचे मुख्य सामने रंगतील. गेला महिनाभर न्यू जर्सीतले नातेवाईक, पुण्यातल्या मैत्रिणी, बे एरियातली भाचरं, सगळे मला आलटून पालटून तेच प्रश्न विचारत आहेत. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. इथे फक्त महिला एकेरीबद्दल आहे. माझा जीव त्याच गटात अडकलेला आहे.

यंदाच्या स्पर्धेची एवढी चर्चा का?

कारण महिन्याभरात ऑलिंपिक आहे. ६ फेब्रुवारी २०२६ पासून मिलान-कोर्तिनाचे हिवाळी खेळ सुरू होतात आणि अमेरिकेचा संघ सेंट लुईसची स्पर्धा संपता संपता जाहीर होतो. ऑलिंपिकच्या वर्षी या स्पर्धेला नेहमीच वेगळी धार असते, पण यंदा आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या बाईने ऑलिंपिकमध्ये एकेरीचं पदक जिंकलं त्याला वीस वर्षं होतील. २००६ साली तुरीनमध्ये साशा कोहेनने रौप्य जिंकलं, ते शेवटचं. सुवर्ण तर त्याआधी, २००२ साली सॉल्ट लेक सिटीत सारा ह्यूजने. पेगी फ्लेमिंग, डोरोथी हॅमिल, क्रिस्टी यामागुची, तारा लिपिन्स्की अशी नावं ज्या देशाच्या खात्यावर आहेत, त्या देशासाठी हा दुष्काळ फार लांबला.

साशा कोहेन त्या ऑलिंपिकसाठी निवडली गेली ती स्पर्धाही सेंट लुईसमध्येच झाली होती, आणि याच इमारतीत. तेव्हा तिचं नाव सॅव्हिस सेंटर होतं, आता एंटरप्राइझ सेंटर आहे. जुन्या चाहत्यांच्या नजरेतून हे सुटलेलं नाही.

पहिल्या तिघी थेट ऑलिंपिकला जातात ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरूनच होतात. अमेरिकेच्या स्केटिंग संघटनेची निवड समिती राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल तर बघतेच, शिवाय आधीच्या जागतिक स्पर्धा, ग्रां प्री (मोसमातली आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका) आणि इतर मोठ्या स्पर्धांमधली कामगिरीही तोलते. एका रात्रीच्या चुकीमुळे वर्षभर जिंकत आलेली मुलगी घरी बसू नये, हा त्यामागचा विचार. कागदावर तो पटतो. प्रत्यक्षात त्याची किंमत कोणीतरी एक मुलगी मोजते.

१९९४ साली डेट्रॉइटमध्ये नॅन्सी केरिगनच्या गुडघ्यावर हल्ला झाला. ती स्पर्धेत उतरूच शकली नाही, तरी तिला संघात घेतलं. दुसरी आलेली तेरा वर्षांची मिशेल क्वान राखीव राहिली. त्या वर्षी जिंकलेल्या टोन्या हार्डिंगचं विजेतेपद पुढे काढून घेण्यात आलं. २००६ साली तीच मिशेल क्वान दुखापतीमुळे सेंट लुईसला खेळली नाही. तिने समितीकडे अर्ज केला, तो मंजूर झाला आणि तिसरी आलेली एमिली ह्यूज मागे राहिली. मग तुरीनमध्ये पहिल्याच सरावानंतर क्वानला माघार घ्यावी लागली, आणि एमिलीला घाईघाईने बोलावून घेतलं. ती सातवी आली.

पण लोकांच्या मनात अजून सलतंय ते २०१४. बोस्टनमध्ये ग्रेसी गोल्ड पहिली, पोलिना एडमंड्स दुसरी, मिराई नागासू तिसरी. ॲशली वॅगनर पडझड होऊन चौथी. समितीने नागासूऐवजी वॅगनरला निवडलं. वॅगनरचा आधीचा आलेख खरोखरच भक्कम होता, हे मान्य. तरीही पदक गळ्यात घातलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी ‘तुझी जागा नाही’ असं ऐकावं लागलं, ते माझ्या मनातून जात नाही. नागासू २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये चौथी आली होती, म्हणजे कोणी नवखी नव्हती. चार वर्षांनी सॅन होझेमध्ये ती दुसरी आली आणि वॅगनर पुन्हा चौथी. या वेळी समितीने पहिल्या तिघींनाच पाठवलं. प्याँगचँगच्या सांघिक स्पर्धेत नागासूने ट्रिपल ॲक्सल, म्हणजे हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी, मारला. ऑलिंपिकमध्ये तो मारणारी ती पहिली अमेरिकन महिला. तिची पाती बर्फावर टेकली तो क्षण मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही.

तीन जागा कशा मिळाल्या? मागे दोनच असायच्या ना?

आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवरून. देशाच्या सगळ्यात वर आलेल्या दोन स्केटर्सच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी असेल तर तीन जागांचा दावा पक्का होतो. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला अलिसा लिऊ पहिली आली, इझाबो लेव्हिटो चौथी, ॲम्बर ग्लेन पाचवी. बेरीज पाच. एकाच देशाच्या तिघी पहिल्या पाचांत, आणि तेही घरच्या प्रेक्षकांसमोर.

ॲम्बर ग्लेन सलग तिसऱ्यांदा जिंकू शकेल का?

जिंकली तर मिशेल क्वाननंतर सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारी ती पहिलीच. क्वानने १९९८ ते २००५ अशी ओळीने आठ जिंकली होती. मधल्या वीस वर्षांत गोल्ड आली, वॅगनर आली, टेनेल आली, पण ओळीने तीन कोणालाच जमली नाहीत.

ग्लेन टेक्ससमधल्या प्लेनोची, आता सव्वीस वर्षांची. २०१४ साली ती ज्युनियर विजेती होती. त्याच बोस्टनच्या स्पर्धेत, जिथे नागासूचं ते सगळं घडलं. त्यानंतर सिनियर विजेतेपद मिळायला तिला दहा वर्षं लागली. मधल्या काळात मानसिक आजारपणामुळे तिने खेळच सोडला होता, मग परतली. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसणं, कोविड, सगळं झालं. २०२४ मध्ये कोलंबसला ती जिंकली. स्वतःची एलजीबीटीक्यू ओळख उघडपणे सांगणारी ती पहिलीच अमेरिकन महिला एकेरी विजेती. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रनोबलला तिने ग्रां प्री फायनलही मारली.

तिची ताकद ट्रिपल ॲक्सल, आणि तिची काळजीही तोच. तो बसला की पुढचा सगळा कार्यक्रम मोकळा होतो. चुकला की खांदे आखडलेले दिसतात. बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत शॉर्टमध्ये, म्हणजे दोनपैकी पहिल्या, छोट्या कार्यक्रमात (दुसरा, मोठा तो फ्री स्केट), ती त्याच उडीवर पडली आणि नवव्या क्रमांकावरून वर चढून पाचवी आली. माझं मत विचाराल तर सेंट लुईसमध्ये विजेतेपदासाठी पहिलं नाव तिचंच. राष्ट्रीय स्पर्धेत ती दोन वर्षं सलग सावरली आहे, आणि ज्या दिवशी तिच्या उड्या बसतात त्या दिवशी तिच्याइतके तांत्रिक गुण अमेरिकेत दुसरी कोणी गोळा करत नाही.

अलिसा लिऊ निवृत्त झाली होती ना?

झाली होती, आणि ती काही नावापुरती निवृत्ती नव्हती. तिची गोष्ट थोडी सविस्तर सांगते.

२०१९ साली तेरा वर्षांची असताना ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. इतक्या लहान वयात हे कोणी केलं नव्हतं. आधीचा विक्रम चौदा वर्षांच्या तारा लिपिन्स्कीचा होता. लिऊने २०२० मध्ये पुन्हा जिंकलं. ट्रिपल ॲक्सल होता, चौपट लुट्झही होता, म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी. एकाच कार्यक्रमात ते दोन्ही मारणारी ती पहिली मुलगी. सगळं जग तिच्याकडे ‘अमेरिकेची तारणहार’ म्हणून बघत होतं. चौदा वर्षांच्या मुलीवर हे ओझं टाकणं बरोबर होतं का, हा प्रश्न तेव्हा आम्ही चाहत्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही. आम्हीही तिच्या उड्याच मोजत बसलो होतो.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती सहावी आली, जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं आणि एप्रिलमध्ये, सोळाव्या वर्षी, खेळ सोडून दिला. दोन वर्षं बर्फाकडे फिरकली नाही. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली, कॉलेजला गेली. मग २०२४ च्या सुरुवातीला स्कीइंगला गेली असताना अंगात जुनीच वीज सळसळली, म्हणून साध्या पब्लिक सेशनला बूट चढवून बर्फावर उतरली. परत आली ती आपल्या अटींवर. संगीत तिच्या पसंतीचं, कपडे तिच्या पसंतीचे, सराव किती करायचा तेही तीच ठरवणार. प्रशिक्षक फिलिप डिगुलिएल्मो आणि मासिमो स्काली यांनी ते मान्य केलं. वर्षभरात ती जगज्जेती झाली. बोस्टनला २२२.९७ गुण मिळवले. किमी माइस्नरनंतर, म्हणजे २००६ नंतर, अमेरिकेची पहिली. या डिसेंबरात नागोयाला ग्रां प्री फायनलही तिनेच जिंकली.

आता ती वीस वर्षांची आहे. ट्रिपल ॲक्सल नाही, चौपट उडी नाही. तरी तिचं स्केटिंग बघताना मला पूर्वीपेक्षा जास्त आनंद होतो. उडीच्या आधी चेहऱ्यावर ताण नसतो, उतरताना गुडघा असा मऊ वाकतो की बर्फावर आवाजही होत नाही. २०१९ चे तिचे व्हिडिओ आणि आताचे एकापाठोपाठ बघा. पहिल्यात एक मूल परीक्षा देतंय. दुसऱ्यात एक बाई नाचतेय.

लेव्हिटो मागच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत का दिसली नाही?

पायाला दुखापत होती, म्हणून विचिटाच्या स्पर्धेतून तिने माघार घेतली. समितीने तरीही तिला जागतिक संघात घेतलं आणि ती चौथी आली. म्हणजे वर ज्या पद्धतीवर मी रागावले, तीच पद्धत इथे अचूक ठरली. हे लिहायलाच हवं.

लेव्हिटो न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीची, अठरा वर्षांची. २०२२ ची ज्युनियर जगज्जेती, २०२३ ची राष्ट्रीय विजेती, २०२४ ला माँट्रियालमध्ये जागतिक रौप्य. तिची आई मूळची मिलानची आणि आजी अजून तिकडेच राहते. ऑलिंपिक नेमकं आजीच्या गावी! तिच्याबद्दल तक्रार एकच असते: उड्या उंच नाहीत, पंचांनी बारकाईने पाहिलं तर हवेतली फेरी थोडी कमी पडते. तक्रार खरी आहे. पण तिच्या गिरक्या, मानेची ठेवण, बोटांच्या टोकापर्यंत पोचलेलं संगीत यांना तोड नाही. घरात लहान मुलगी असेल तर तिला आधी लेव्हिटो दाखवा.

या तिघी ठरल्याच असतील तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला?

ठरल्या नाहीत. शक्यता दाट आहे, एवढंच. २०२२ साली नॅशव्हिलला लिऊ शॉर्टनंतर तिसरी होती आणि दुसऱ्या दिवशी कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली. ग्लेनचंही त्याच स्पर्धेत तसंच झालं. फरक इतकाच की लिऊला अर्जावर ऑलिंपिकची जागा मिळाली, ग्लेनला नाही. बर्फावर काहीही होऊ शकतं.

ब्रेडी टेनेलवर नजर ठेवा. २०१८ आणि २०२१ ची विजेती, २०१८ च्या ऑलिंपिक संघाची कांस्यपदक विजेती, पाय आणि घोट्याच्या दुखापतींतून पुन्हा पुन्हा उठलेली. सारा एव्हरहार्ट गेल्या वर्षी तिसरी आली होती. स्टार अँड्रूज आहे, जिने २०२२ च्या स्केट कॅनडात रौप्य मिळवलं. ग्रां प्रीत पदक जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला एकेरी स्केटर. आणि ज्या मुलींना ऑलिंपिकची आशा नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा हेच वर्षाचं पंढरपूर. सोळा-सतराव्या क्रमांकावरची मुलगी आपला कार्यक्रम निभावून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडते, तेही पाहण्यासारखं असतं. टीव्हीवाले तिला दाखवत नाहीत, म्हणून चाहत्यांनी पाहावं.

चौथ्या क्रमांकालाही पदक असतं हे खरं का?

खरं. अमेरिकेत पहिल्या चौघींना पदकं देतात. चौथं पदक प्यूटरचं, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचं.

उड्या ओळखायच्या कशा? सगळ्या सारख्याच दिसतात.

सहा प्रकार आहेत: टो लूप, साल्कोव्ह, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सल. सुरुवातीला फक्त दोन ओळखायला शिका.

पहिला ॲक्सल. बाकी सगळ्या उड्या मागे सरकत घेतात, ॲक्सल एकटाच पुढे तोंड करून. उतरायचं मात्र मागेच, म्हणून त्यात अर्धी फेरी जास्त. ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन फेऱ्या. म्हणून तो तिपटींत सगळ्यात महाग: पायाभूत किंमत ८ गुण. तुलनेला तिपटी लुट्झ ५.९ आणि दुहेरी ॲक्सल अवघा ३.३.

दुसरा लुट्झ. स्केटर लांब वळण घेत मागे जाते, पात्याच्या बाहेरच्या कडेवर असते, मग दुसऱ्या पायाच्या टोकाचे दाते बर्फात रोवून उलट्या दिशेने फिरते. शरीर एकीकडे वळत असतं आणि उडी दुसरीकडे जायची असते, त्यामुळे अवघड. पुष्कळ मुलींचं पातं शेवटच्या क्षणी आतल्या कडेवर झुकतं आणि लुट्झचा फ्लिप होऊन बसतो. चाहते त्याला ‘फ्लुट्झ’ म्हणतात. पंच पकडतात आणि गुण कापतात.

आपल्याकडे ज्यांनी चाकांच्या स्केट्सवर मुलांना क्लासला घातलंय, त्यांना कडेची ही भाषा चटकन कळते. महाराष्ट्रात स्केटिंग म्हणजे बहुतेकांसाठी चाकंच. बर्फाचा मोठा रिंक बघायला डेहराडूनला जावं लागतं. अमेरिकेत वाढलेली आणि भारतातर्फे खेळणारी तारा प्रसाद आपली राष्ट्रीय विजेती राहिली आहे, तिचं नाव जाता जाता लक्षात ठेवा.

ती पडली तरी तिला न पडलेल्या मुलीपेक्षा जास्त गुण! असं कसं?

हा प्रश्न दरवर्षी येतो, तेव्हा हिशेबच करू. प्रत्येक घटकाला पायाभूत किंमत असते. त्यावर नऊ पंच उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून सरासरी काढतात. एक पायरी म्हणजे साधारण दहा टक्के. फेऱ्या पूर्ण झालेल्या ट्रिपल ॲक्सलवर पडली तर ८ मधून ४ गेले, वर पडण्याचा एक गुण कापला, उरले ३. दुहेरी ॲक्सल सरळ मारला असता तर ३.३ आणि वर चांगल्या श्रेणीचे थोडे. म्हणजे पडण्यात तोटाच आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. पुढे तिने तिपटी लुट्झला तिपटी टो लूप जोडला की एका झटक्यात १०.१ पायाभूत गुण. पडलेली एक उडी आपल्या डोळ्यांत राहते, कागदावर मात्र ती अकरा-बारा घटकांतली एक असते.

यात आणखी दोन गोष्टी बघा. उड्यांची फेरी पावपेक्षा जास्त कमी पडली तर किंमतच घटते, आणि टीव्हीवर ते साध्या नजरेला दिसत नाही. दुसरं, उत्तरार्धातल्या उड्यांना, फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीन उड्यांना, दहा टक्के वाढीव मिळतात. दमलेल्या पायांनी मारलेल्या उडीची ती कदर.

उरलेले गुण कलेचे: रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य. पूर्वी पाच निकष होते, २०२२ च्या मोसमापासून तीन. फ्री स्केटमध्ये इथे जास्तीत जास्त ८०.१ मिळू शकतात. सगळे वाद इथेच होतात, कारण कौशल्याला मोजपट्टी लावता येत नाही आणि नावाचा प्रभाव पडतो. २०१८ मध्ये वॅगनरने आपले हेच गुण कमी दिले गेले म्हणून उघड संताप व्यक्त केला होता. मला तिचं म्हणणं सगळं पटलं नाही, पण बोलली हे आवडलं.

राष्ट्रीय स्पर्धेत गुणांची खैरात का असते?

असते, आणि ती फक्त अमेरिकेत नाही. जपान, रशिया, इटली, सगळीकडे घरच्या स्पर्धेत गुण सैल सुटतात. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना हे गुण वैयक्तिक विक्रमांत धरत नाही. सेंट लुईसचा आकडा मिलानच्या आकड्याशेजारी मांडू नका. एकाच संध्याकाळी दोघींत किती अंतर पडलं, एवढंच बघा.

चौपट उड्या कुठे गेल्या?

बीजिंगच्या वेळी रशियन मुली चौपट उड्यांची माळ लावत होत्या. त्यांतल्या बहुतेक पंधरा ते सतरा वर्षांच्या, आणि अठराव्या वर्षापर्यंत बऱ्याच जणींच्या पाठी-गुडघे संपलेले. कामिला वालियेवा पंधरा वर्षांची होती जेव्हा तिच्या उत्तेजक चाचणीचं प्रकरण ऑलिंपिकच्या मध्यावर फुटलं. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली, आणि अमेरिकेच्या संघाला सांघिक सुवर्ण शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला मिळालं. त्या प्रकरणात मोठी माणसं कुठे होती, हा प्रश्न मला अजून जाळतो.

त्यानंतर सिनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय पंधरावरून आधी सोळा आणि २०२४ च्या मोसमापासून सतरा झालं. देशांतर्गत स्पर्धेत मात्र अमेरिका लहान मुलींना उतरू देते. म्हणूनच २०२२ मध्ये चौदा वर्षांची लेव्हिटो राष्ट्रीय कांस्य जिंकली पण ऑलिंपिकला पात्र नव्हती.

या नियमाची मी खंदी समर्थक आहे. २०१९ मध्ये हे विजेतेपद तेरा वर्षांच्या लिऊने जिंकलं, सगळ्यात लहान. तीनच वर्षांनी पंचवीस वर्षांच्या मरायाह बेलने, १९२७ नंतरची सगळ्यात मोठी. यंदा ग्लेन जिंकली तर ती तिलाही मागे टाकेल. आता मिलानसाठी ज्यांची नावं घेतली जातात त्या सव्वीस, वीस आणि अठरा वर्षांच्या आहेत. मुलींचा खेळ पुन्हा बायकांचा होतो आहे, हे बघायला मी कित्येक वर्षं थांबले होते.

‘तिचं वजन वाढलंय’, ‘अंग भरलंय म्हणून उडी गेली’ असं बोलणं चुकीचं आहे का? खेळाशी संबंध आहे ना?

चुकीचं आहे. ग्रेसी गोल्ड राष्ट्रीय विजेती असतानाच्या दिवसांत तिच्या शरीरावर लोक जे बोलत होते ते मी वाचलं आहे. २०१७ मध्ये तिने खाण्याच्या विकारावर, नैराश्यावर आणि चिंतेवर उपचार घेत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही तेच शब्द नव्या मुलींबद्दल ऐकू येतात, आणि या मुली ते वाचतात. उडी का चुकली हे सांगायचं असेल तर सांगायला पुष्कळ आहे: वेग कमी होता, खांदा आधी उघडला, कड चुकली, उड्डाणाला पाय उशिरा आला. ही भाषा शिका. शरीराची चर्चा करणाऱ्याला उडी दिसलेली नसते, असा माझा अनुभव आहे.

कोणाला कोणापेक्षा जास्त आवडतं यावर खुशाल भांडा. लिऊच्या चाहत्यांनी ग्लेनच्या पडण्यावर टाळ्या वाजवू नयेत, एवढंच. त्या दोघी एकमेकींना मिठी मारतात, आपण कशाला वैर धरायचं?

गेल्या वर्षीच्या विमान अपघाताची आठवण यंदा केली जाईल का?

केल्याशिवाय राहणारच नाही. २९ जानेवारी २०२५ ला विचिटाहून वॉशिंग्टनला येणारं विमान पोटोमॅक नदीवर लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं. ६७ माणसं गेली, त्यांतली २८ स्केटिंगच्या जगातली: राष्ट्रीय स्पर्धेनंतरच्या शिबिराहून परतणारी मुलं, त्यांचे आईवडील, प्रशिक्षक. मिलाननंतरच्या ऑलिंपिकमध्ये कदाचित दिसल्या असत्या अशा मुली त्यांत होत्या. जोडीतले माजी जगज्जेते एव्हगेनिया शिश्कोवा आणि वादिम नाउमोव्हही गेले. त्यांचा मुलगा मॅक्सिम पुरुषांच्या गटात खेळतो, विचिटाला तो चौथा आला होता. महिला गटाबद्दलच लिहीन म्हटलं होतं, पण त्याच्यासाठी पुरुषांची स्पर्धाही बघा.

जुन्या लोकांना यात १९६१ दिसलं. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला ब्रसेल्सजवळ विमान पडून जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा अख्खा संघ गेला. त्यात सोळा वर्षांची लॉरेन्स ओवेन होती, काही आठवड्यांपूर्वीच राष्ट्रीय विजेती झालेली. तिची बहीण आणि आई मॅरिबेल व्हिन्सन ओवेनही. आई स्वतः नऊ वेळा राष्ट्रीय विजेती. पुढे त्या नऊची बरोबरी मिशेल क्वाननेच केली.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

महिलांचा शॉर्ट प्रोग्रॅम बुधवारी ७ जानेवारीला, फ्री स्केट शुक्रवारी ९ जानेवारीला. सेंट लुईस आपल्या साडेअकरा तास मागे आहे. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. शनिवारी सकाळी पोहे-चहा घेऊन फ्री स्केट बघता येईल, एवढी चांगली वेळ या खेळात आपल्या वाट्याला क्वचित येते. संघाची घोषणा रविवारी ११ तारखेला.

आयुष्यात पहिल्यांदाच बघणार आहे. नेमकं काय बघू?

शेवटच्या गटाच्या आधी सहा मिनिटांचा सराव असतो, तो चुकवू नका. सगळ्याजणी एकाच वेळी बर्फावर असतात, एकमेकींना चुकवत, कोणी उडी तपासत, कोणी नुसतीच वेगाने फेरी मारत. कोण कोणाकडे बघत नाही तेही कळतं. आवाज वाढवा. चांगल्या स्केटरच्या पात्याचा आवाज खोल, सलग येतो, कापड फाडल्यासारखा. घाबरलेलीचा खरखर येतो.

गुणांचा तक्ता पहिल्या दिवशी विसरा. लेव्हिटोच्या गिरक्या बघा, लिऊ उतरतानाचा गुडघा बघा. आणि ग्लेनचं संगीत सुरू झालं की पाणी आणायला उठू नका. तिचा ॲक्सल अगदी सुरुवातीलाच येतो. ती मागे सरकत लांब वळण घेईल, मग वळून पुढे पाऊल टाकेल. त्या पावलापासून बर्फावर परत टेकेपर्यंत एका श्वासाइतकाच वेळ असतो.